विहिरीपासून आठ दिशांना

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रणपिसे मॅडम दुसऱ्या वर्षाच्या वर्गात फळ्याजवळ खाली बसल्या. विद्यार्थ्यांनी त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. साडेबाराला डॉक्टर बाहेर आले आणि त्या गेल्याचं त्यांनी सांगितलं. एक वाजता कॉलेज सुटलं.

मी त्याच कॉलेजचा ग्रंथपाल. बारामतीत आम्ही दोघं एकाच जून महिन्यात नोकरीला लागलो. त्या भूगोल शिकवायला, मी पुस्तकं राखायला. त्या दुपारी शिपायानं त्यांच्या टेबलाची किल्ली आणून माझ्यापुढे ठेवली. कुणाकडे द्यायची हे त्याला सुचलं नव्हतं, आणि मलाही दुसरं नाव सुचलं नाही. खणात लक्षद्वीपला जायचा परवाना होता, कोचीहून सुटणाऱ्या जहाजाचं ऑक्टोबरचं तिकीट होतं आणि निळ्या पुठ्ठ्याची वही होती. वहीतल्या शेवटच्या पानावर आठ रकाने आखले होते. वर 'पावसाळ्यानंतर' एवढंच लिहिलं होतं. रकाने रिकामे होते.

त्या रिकाम्या रकान्यांसाठी एक बेट थांबलं होतं. बेटाभोवती काँक्रीटची भिंत हवी की नको, हे सरकारला कळवण्याआधी तिथली माणसं मशिदीपुढच्या पटांगणात बसून ठरवणार होती. मॅडम त्या बैठकीत बोलणार होत्या. भिंत घालू नका, असं सांगणार होत्या. त्यांचं ऐकायचं तर बेटाच्या दक्षिण टोकावरची चार घरं उतरवून आत न्यावी लागणार होती, आणि त्यांतलं एक घर त्यांच्या तिथल्या सर्वांत जुन्या मित्राचं होतं. हमीद कोया त्याचं नाव. त्यानं मॅडमना शेवटचं सांगितलं होतं ते एवढंच, की ऑक्टोबरला या, मोजा, मग बोलू.

कुसुम रणपिसे इंदापूर तालुक्यातल्या. त्यांचं जन्मगाव भीमेच्या काठाला होतं. उजनी धरण भरलं तेव्हा त्या तिसरीत होत्या. गाव पाण्याखाली गेलं आणि घरची माणसं वरकुट्याच्या बाजूला वर सरकली. समुद्र त्यांनी पाहिला तो नोकरी लागल्यावर. त्यामुळे नवीन माणूस हमखास विचारायचा, की उसाच्या मुलखात बसून पोवळ्यांच्या बेटांचा अभ्यास कशाला? यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्यांचं गाव पाण्यात गेलं त्यांनी पाण्याचा अभ्यास नाही करायचा, तर भरतकाम करायचं का?"

बुटक्या होत्या. सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि सगळं पावलांनी मोजायच्या. ग्रंथालय ते कॅन्टीन एकशे बेचाळीस पावलं. सांध्यावर औषध घेतल्यानंतर एकशे पस्तीस झाली, हेही त्यांनी मला येऊन सांगितलं. पर्समध्ये दोराचं एक भेंडोळं असायचं, हात-हात अंतरावर गाठी मारलेलं. मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. माझं गाव सांगवी, म्हणून मी 'सांगवीकर'. "सांगवीकर, हे पुस्तक चुकीचं आहे," असं म्हणत त्या पुस्तक परत करायच्या आणि कुठं चुकलंय ते लिहिलेली चिठ्ठी आत ठेवायच्या. त्या चिठ्ठ्या मी कधी काढल्या नाहीत.

वर्गात एक शब्द त्यांनी बंद केला होता. बेटं 'बुडतायत' असं कुणी म्हटलं की त्या खडू खाली ठेवायच्या. "तुम्ही पाहून आलात का?" मुलगा नकारार्थी मान हलवायचा. "मग असं म्हणा, की बेटांवर पाणी चढतंय. पुढचं बेटालाच ठरवू द्या."

बेट कसं तयार होतं हे शिकवायला त्या कॅन्टीनमधून मेदूवडा मागवायच्या. एका खोल ताटलीत वडा ठेवायचा आणि वड्याच्या भोकात उकडलेला बटाटा बसवायचा. "हा बटाटा म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर. त्याच्या कडेनं उथळ पाण्यात पोवळ्यांनी घर केलं. पोवळं हा प्राणी आहे. मुगाच्या दाण्याएवढा. तो अंगाभोवती चुन्याचं घर बांधतो, मरतो, आणि पुढचा त्याच्या घरावर घर बांधतो. आता डोंगर आपल्याच वजनानं खाली बसायला लागला." इथं त्या चमच्यानं बटाटा दाबायच्या. "पोवळ्याला उजेड लागतो. म्हणून डोंगर जसा खाली गेला तसं ते वर बांधत राहिलं. शेवटी डोंगर दिसेनासा झाला आणि कडं उरलं." मग ताटलीत सांबार ओतायचं. वड्याचा काठ तेवढा सांबाराला टेकलेला दिसायचा.

"मग बेट कुठं आहे?" असा प्रश्न त्या विचारायच्या. सगळे वड्याकडे बोट करायचे. त्या काठावर चमच्यानं चटणीचा ठिपका टाकायच्या. "हे बेट. खडक वेगळा आणि बेट वेगळं. लाटा खडकावर फुटतात, पोवळ्याचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा सगळं उचलतात आणि सुपानं पाखडल्यासारखं पाखडतात. जड इथं, हलकं तिथं. त्या पाखडलेल्या ढिगाऱ्यावर नारळ उगवतो, मग माणूस येतो आणि म्हणतो, ही माझी जमीन."

वाळूचा तास मुलांना विशेष आवडायचा. पोपटमासा नावाचा मासा खडक खरवडून खातो, त्यातलं पोटाला लागेल ते ठेवतो आणि उरलेली पांढरी वाळू मागून सोडून देतो, असं मॅडम सांगायच्या. एका वर्षी बावड्याचा एक विद्यार्थी उठला आणि शांतपणे म्हणाला, "म्हंजे मॅडम, लोकं इमानाचं तिकीट काढून माशाच्या शेणावर लोळाया जात्यात."

"जातात," मॅडम म्हणाल्या. "आणि फोटोही काढतात. खाली बस."

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांच्या बोटात मंगळासाठी पोवळं होतं. ते एकदा स्टाफरूममध्ये हात पुढे करून म्हणाले, "मॅडम, तुमचं बेट मी बोटात घालून फिरतो." मॅडमनी अंगठी निरखून पाहिली. "हे खोल पाण्यातलं, सर. हे बेटं बांधत नाही. नुसतंच महाग असतं."

इतक्या खात्रीनं बोलणाऱ्या बाईंची एक मोठी चूक होती, आणि ती त्या स्वतःच सांगायच्या. पहिल्यांदा त्या बेटावर गेल्या तो एप्रिल महिना होता. मोजमाप करायचं तर आधी खूण हवी. आमच्याकडे खूण असते कडेला. शेताची हद्द जिथं संपते तिथं दगड रोवायचा, आणि मग बाप मेला तरी मुलगा त्या दगडापासून मोजतो. मॅडमनी तेच केलं. बेटाच्या दक्षिण टोकाला पाण्याच्या कडेशी एक लोखंडी गज ठोकून आल्या. ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेल्या तर गज पाण्यात, कमरेइतक्या खोल. त्या परत आल्या आणि कॉलेजच्या सभागृहात त्यांनी व्याख्यान दिलं. बेट बुडतंय, असं म्हणाल्या. हा शब्द तेव्हा त्यांना चालत होता. एका स्थानिक वर्तमानपत्रानं ते फोटोसकट छापलं आणि ती बातमी कुणाच्या तरी फोनवरून फिरत फिरत बेटावर गेली.

पुढच्या एप्रिलमध्ये त्या होडीतून उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला कुणी आलं नव्हतं. चालत दक्षिण टोकाला गेल्या. गज कोरड्या वाळूत उभा होता. पाणी त्याच्यापुढं दोन-तीन पावलांवर होतं. आणि गजाला एक शेळी बांधलेली होती.

शेळी कोयाची होती. कोया म्हणजे ट्यूना पकडणारा मच्छीमार, मॅडमच्याच वयाचा. मोडकं हिंदी बोलायचा. त्याचं बोलणं मॅडम आम्हाला मराठीत करून सांगायच्या. तो म्हणाला, "टीचर, तुमच्या गजाचा काही उपयोग नव्हता, म्हणून वापरला."

"तुम्ही रागावलात."

"माझा मुलगा कोचीत असतो. तो रोज फोन करून विचारतो, अब्बा, अजून आहात का? मी म्हणतो, थांब, बघून सांगतो."

मग त्यानं त्यांना बेटाभोवती फिरवलं. पावसाळ्यातल्या लाटा दक्षिणेची वाळू उचलतात आणि वायव्येला नेऊन टाकतात. वारं फिरलं की त्यातली बरीचशी परत येते. लहानपणी तो फुटबॉल खेळायचा ते मैदान आता पाण्यात होतं आणि त्याची नातवंडं खेळत होती तिथं त्याच्या लहानपणी होड्या चालायच्या. "आमच्याकडं हे शाळेत शिकवत नाहीत," तो म्हणाला, "कारण सगळ्यांना माहीत असतं."

मॅडमनी गज उपटला. बेटाच्या मध्यावर, मशिदीच्या आवारात, गोड्या पाण्याची विहीर होती. पावसाचं पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, त्यावर बेट जगतं. तिथून त्यांनी आठ दिशांना दोर टाकला आणि आठ आकडे लिहिले. त्यानंतर दरवर्षी दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच विहिरीपासून त्याच आठ दिशांना. "आपण बांधावरची माणसं, सांगवीकर," त्या मला म्हणाल्या. "कडेला दगड रोवला की जमीन हलायची नाही असं आपल्याला वाटतं. तिथली जमीन जगायला शिकलीय म्हणून हलते."

वर्तमानपत्राला त्यांनी चूक कळवली. वर्तमानपत्रानं ती छापली नाही. तेव्हा मॅडमनी त्याच सभागृहात दुसरं व्याख्यान ठेवलं आणि सूचनाफलकावर विषय लिहिला: 'माझी चूक'. आम्ही अकराजण होतो. त्या तासभर बोलल्या, एकदाही आवाज खाली न आणता.

पण कोयाचं सगळंच बरोबर नव्हतं, हेही पुढं आकड्यांनीच दाखवलं. वाळू परत यायची ती सगळी यायची नाही. दर वर्षी दक्षिणेचा आकडा थोडा कमी भरायचा आणि वायव्येचा थोडा जास्त. बेट तेवढंच होतं, पण चाललं होतं. शिवाय मध्ये एका उन्हाळ्यात समुद्र फार तापला आणि खडकावरची पोवळी चुन्यासारखी पांढरी पडली. त्या खेपेहून परतल्यावर मॅडमनी कितीतरी दिवस ग्रंथालयात पाऊल टाकलं नाही. आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भट्टीच विझली तर विटा कुठून येणार?" त्यानंतरच्या दोन खेपांमध्ये काही भागांत नवी पोवळी धरलेली दिसली आणि त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. समुद्र किती चढेल, किती घाईनं चढेल, हे त्या कधी ठामपणे सांगत नसत. पोवळं जिवंत आहे आणि वाळूला वाट मोकळी आहे तोवर बेटाला हात-पाय आहेत, हे मात्र ठामपणे सांगत.

म्हणून भिंतीची गोष्ट निघाली तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या. धक्क्यापाशी भिंत घालायला त्यांची हरकत नव्हती. पण बेटाभोवती सगळीकडून घातली तर वाळूचं फिरणं थांबणार होतं. दक्षिणेकडून वाळू सुटली नाही तर वायव्येला मिळणार नव्हती. आणि वादळात लाट बेटावर चढते तेव्हा नारळ पाडते, विहीर खारट करते, पण जाताना वाळूचा एक थर ठेवून जाते. चढत्या पाण्याबरोबर बेट उंच व्हायचं तर याच थरांनी. भिंतीमागचं बेट आहे तेवढंच राहिलं असतं आणि समुद्र वर गेला असता.

हे कोयाला त्यांनी या एप्रिलमध्ये सांगितलं, त्याच्या ओट्यावर बसून. दक्षिण टोक मोकळं सोडायचं म्हणजे त्या टोकावरची घरं मागं घ्यायची. कोया ऐकत राहिला. मग म्हणाला, "पहिल्यांदा आलात तेव्हा बेट बुडवलंत. आता बेट तरतंय म्हणता, आणि माझं घर बुडवता." होडी सुटेपर्यंत तो पुन्हा बोलला नाही. होडी सुटताना म्हणाला ते वर लिहिलंच आहे.

मे महिन्याच्या शेवटी एका रविवारी मॅडम मला त्यांच्या वडिलांकडे घेऊन गेल्या. त्यांना सगळे आबा म्हणतात. नव्वदीला आलेले, काठी घेतात पण टेकत नाहीत. उजनीचं पाणी तेव्हा खाली उतरलेलं असतं आणि जुनी गावं वर येतात: विहिरींची कडी, जोती, बांध. जमीन कागदावर सरकारची. तरी पाणी सरकलं की जुने मालक येऊन ओल्या गाळात पेरतात. गाळपेर म्हणतात तिला. आबांचा वैरणीचा मका गुडघाभर उभा होता. शेजारी त्यांचे जुने शेजारी तात्या. दोघांचं भांडण आम्ही पोचायच्या आधीच सुरू झालं होतं.

"चार बोटं माझ्यात आलायस, तात्या. दगड बघ की."

"दगड तुमचा. दगडाला सरकाया काय हुतंय? पाण्यात सरकला आसंल."

"आपसूक सरकला? व्हय रं? अन् तुझ्याच बाजूला बरा सरकला न्हाय."

"आबा, दहा म्हैनं हितं मासं ऱ्हात्यात. त्यांनला इचारा, कुणाच्या रानात ऱ्हातो म्हणून."

मॅडम हसल्या. मग आबांच्या हातची कुदळ घेऊन त्यांनी बांधाशी हातभर खणलं आणि कड साफ करून मला दाखवली. चपातीच्या पापुद्र्यांसारखे गाळाचे थर होते, एकावर एक. "एकेक पावसाळा," त्या म्हणाल्या. "तिथं लाट असाच थर ठेवते, आबा. वाळूचा."

आबा उकिडवे बसून पाहत राहिले. "म्हंजे पाणी येतंय, नासधूस करतंय, अन् जाताना कायतरी टाकून जातंय."

"हो."

"अन् भित घातली की?"

"मग पाणीही येत नाही आणि थरही येत नाही. काही वर्षं सुखाची जातात. मग एकदम येतं."

"मंग भित नगं, म्हणून सांग त्यांला."

मॅडमनी कोयाच्या घराचं सांगितलं. आबांनी तात्यांकडे पाहिलं आणि तात्या आपला दगड सोडून जवळ येऊन बसले. आबा म्हणाले, "आमाला कागुद आला हुता. चावडीवर चिकटावला. घर सोडा म्हणून. वाचाया येत हुतं त्यांनी वाचला अन् बाकीच्यांनी त्यांच्या तोंडाकडं बघून वळखलं. एक माणूस घरी येऊन म्हटला न्हाय, की रणपिसे, आसं आसं हाय, तुमाला उठावं लागंल."

"कुणीच न्हाय," तात्या म्हणाले.

"तू कागुद धाडू नगंस, कुसुम. त्याच्या म्होरं जाऊन बस. शिव्या दिल्या तर खा. पर तोंडानं सांग."

"सांगितलंय, आबा. तो ऑक्टोबरला या म्हणालाय."

"मंग जा. दुसऱ्या कुणाला धाडू नगंस."

ऑक्टोबर येण्याआधी मंगळवार आला.

दहा दिवसांनी मी निळी वही घेऊन वरकुट्याला गेलो. ती आबांना द्यावी असं मला वाटत होतं. आबांनी ती हातात घेतली, पानं उलटली आणि परत दिली. "तुमच्याकडं ठिवा. तुमच्याकडं कपाट हाय." मग बराच वेळ आम्ही ओसरीवर बसलो. तात्याही येऊन बसले. आबांनी एकाएकी विचारलं, "त्या कोयाला कळीवलं का?"

मी कळवलं नव्हतं. मला धीर झाला नव्हता. त्याचा नंबर वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलेला होता.

"लावा फोन," आबा म्हणाले.

मी लावला. कोयाला हिंदीत सांगितलं. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग त्यानं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, कॉलेजात पुस्तकं सांभाळतो. तो म्हणाला, "हो. सांगवीकर." आबांनी हात पुढे केला आणि फोन घेतला. त्यांना हिंदी येत नाही, पण ते त्यासाठी थांबले नाहीत.

"मी कुसुमचा बाप बोलतोय. माझं घर मी माझ्या हातानं उतरीवलंय, बाबा. भिती सोडल्या, वासं वर आणलं. दारं आणली. त्याच वाश्याखाली बसून तुझ्याशी बोलतोय. घर म्हंजे वासं अन् दारं. भिती काय, कुठंबी घालता येत्यात. पोरगी सांगाया येणार हुती, ती आता येत न्हाय. म्हणून मी सांगतोय. तुला पटलं तर कर. न्हाय पटलं तरी माझा राग न्हाय."

फोन माझ्याकडे आला. कोयानं विचारलं, काय म्हणाले? मी शब्द न् शब्द हिंदीत सांगितलं. वासे या शब्दाला मला हिंदी सुचेना, म्हणून छपराची लाकडं म्हणालो. कोया म्हणाला, "समजलं." आणि फोन ठेवला.

ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला तेव्हा मी देवघेवीच्या टेबलाशी होतो. विद्यार्थी रांगेत उभे होते. त्यानं नमस्कार केला नाही, सरळ म्हणाला, "लिहून घ्या. उत्तर." मी कपाटातून वही काढून आणेपर्यंत तो थांबला. मग त्यानं विहिरीपासूनच्या आठही दिशा क्रमानं सांगितल्या. मॅडमचा दुसरा दोर तिथंच असायचा. त्या दोरानं त्यानं मोजलं होतं, दोघांना दोन टोकांना धरायला लावून, आणि खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा. दक्षिणेचा आकडा सांगताना तो थांबला नाही. तो मागच्या ऑक्टोबरपेक्षा कमी होता. वायव्येचा जास्त होता.

"बरोबर आहे का टीचरचं?" त्यानं विचारलं.

मी मागची पानं पाहिली. "बरोबर आहे."

"मला एप्रिलमध्येच माहीत होतं," तो म्हणाला. "दोराची लांबी मला पाठ आहे. पण मोजल्याशिवाय घर कसं उतरवणार?"

बैठकीत काय झालं ते त्यानं नंतर थोडक्यात सांगितलं. भिंत हवी म्हणणारेही पुष्कळ होते. धाकट्या मंडळींना सरकार देतंय ते घ्यावं असं वाटत होतं, आणि त्यांचं चूक म्हणता येत नव्हतं. मग कोया उठला आणि म्हणाला, माझं घर टोकावर आहे, आणि भिंत नको असं मी म्हणतोय. आता ज्याचं घर आत आहे त्यानं सांगावं, त्याला भिंत कशाला पाहिजे? शेवटी धक्क्याजवळ भिंत मागायची आणि बाकीचा किनारा मोकळा सोडा असं कळवायचं ठरलं. सरकार काय करील ते अजून कळायचं आहे.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी. दुपारी मोठी सर येऊन गेली होती. कॉलेजच्या उतारावरून पाण्याचे ओघळ वाहत होते आणि मॅडम साडीचा ओचा खोचून फाटकाजवळ उकिडव्या बसल्या होत्या. झाडणाऱ्या मावशी खराटा घेऊन बाजूला उभ्या होत्या, कारण मॅडमनी त्यांना थांबवलं होतं. ओघळानं जाड खडी वर ठेवली होती, त्याखाली बारीक, त्याखाली माती, आणि तळाशी पसरट पंख्यासारखा एक ढीग तयार होत होता. मी छत्री धरून मागं उभा राहिलो. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"बाई, झाडू का आता?" मावशींनी विचारलं.

"दोन मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "अजून चाललंय त्याचं."

मला ग्रंथालय बंद करायचं होतं, म्हणून मी गेलो.

आता वहीतले आठही रकाने भरलेले आहेत. अक्षर माझं आहे, आकडे कोयाचे. दक्षिण टोकावरची चारांपैकी दोन घरं उतरवली आहेत आणि तिसऱ्याचं काम चालू आहे. कोयाचं घर विहिरीच्या उत्तरेला उभं राहिलं आहे, जुन्याच लाकडांचं. एप्रिलमध्ये तो पुन्हा मोजणार आहे.